फुग्यात न दिसणारा दमा

श्वसनाचा पाठ शिकवायचा म्हटला की प्रयोगशाळेच्या कपाटातून एक ओळखीची प्रतिकृती बाहेर येते. काचेची हंडी, बुचातून आत गेलेली दुभंगलेली काचेची नळी, नळीच्या दोन टोकांना बांधलेले दोन फुगे आणि तळाशी ताणून बसवलेला रबरी पडदा. पडदा खाली ओढला की फुगे फुगतात, सोडला की आकसतात. फुप्फुसे स्वतःहून हवा ओढत नाहीत, श्वासपटल खाली गेल्याने छातीतला दाब कमी होतो आणि म्हणून हवा आत येते, ही गोष्ट ही प्रतिकृती फार सुरेख रीतीने पटवून देते. तेवढ्यासाठी तिचे मोल मोठेच आहे.

मात्र आपल्या वर्गात बहुधा एखादा तरी दम्याचा विद्यार्थी असतो. त्याच्या छातीत काय होते हे ही प्रतिकृती सांगू शकत नाही. दमा हा फुग्यांचा आजार नाही, तो नळीचा आजार आहे. आणि प्रतिकृतीतली नळी काचेची! ती आकसत नाही, सुजत नाही, तिच्या आतून चिकट द्रव पाझरत नाही. ज्या भागात सारे नाट्य घडते तोच भाग आपण निर्जीव आणि कायम उघडा दाखवतो. मग दम्याचा विषय निघाला की विद्यार्थी सांगतात, ‘दम्याच्या माणसाची फुप्फुसे कमजोर असतात.’ उत्तर चुकीचे आहे, पण आपण दाखवलेल्या प्रतिकृतीशी ते पूर्णपणे सुसंगत आहे.

या लेखात आम्ही दम्याची आपल्याकडची चार प्रचलित स्पष्टीकरणे तपासणार आहोत: वर्गातली प्रतिकृती, बोलण्यातले शब्द, हवापालटाची समजूत आणि वर्षातून एकदा मिळणारे रामबाण औषध. ही चारही स्पष्टीकरणे एकाच जागी अपुरी पडतात, असे आमचे म्हणणे आहे. ती दम्याचा झटका पाहतात, पण दोन झटक्यांच्या मधला दमा त्यांना दिसत नाही.

काचेच्या नळीचा दोष

श्वासनलिका एकदाच दुभंगत नाही. ती सुमारे २३ वेळा दुभंगत जाते आणि शेवटी वायुकोशांपर्यंत पोचते. या नळ्यांच्या भिंतींत स्नायूंचे वेढे असतात आणि आतून एक नाजूक अस्तर असते. दमा असलेल्या व्यक्तीत या अस्तराला सतत थोडाफार दाह असतो. धूळ, धूर, परागकण, सर्दीचा विषाणू, थंड हवा यांपैकी कशाने तरी हे हुळहुळे अस्तर चाळवते आणि तीन गोष्टी घडतात: स्नायूंचे वेढे आवळतात, अस्तर सुजते आणि चिकट कफ नळीत साचतो. तिन्हींचा परिणाम एकच, हवेची वाट अरुंद होते.

वाट किती अरुंद झाली म्हणजे किती त्रास, याचे गणित वर्गात जरूर मांडावे. नळीतून संथ प्रवाह वाहत असेल तर तिचा अवरोध त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. त्रिज्या निम्मी झाली तर अवरोध दुप्पट नव्हे, १६ पट होतो. प्रत्यक्ष श्वासनलिकांत प्रवाह सगळीकडे इतका संथ नसतो, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा लावता येत नाही. पण थोड्याशा सुजेने मूल इतके का घुसमटते, आणि थोडीशी सूज उतरली की त्याला इतका आराम का पडतो, हे यातून उमगते. लहान मुलांच्या नळ्या मुळातच बारीक, म्हणून त्यांची धाप लवकर वाढते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. ‘दम्यात श्वास घेता येत नाही’ असे आपण म्हणतो, पण खरी अडचण श्वास सोडताना होते. श्वास घेताना छाती फुलते आणि नळ्याही किंचित रुंदावतात. सोडताना छातीतला दाब वाढतो आणि आधीच अरुंद झालेल्या नळ्या आणखी दबतात. शिट्टीसारखा आवाज प्रामुख्याने उच्छ्वासात येतो तो याच कारणाने. आतली हवा पुरती बाहेर पडत नाही तोच पुढचा श्वास घ्यावा लागतो. छाती हवेने भरून राहते आणि भरलेल्या छातीत नवी हवा घ्यायला जागा उरत नाही. म्हणजे रुग्ण घुसमटतो तो हवेच्या अभावाने नव्हे, तर अडकलेल्या हवेने.

प्रतिकृती टाकून द्यावी असे आम्ही म्हणत नाही. काचेच्या नळीच्या बाहेरच्या तोंडाला रबरी नळीचा तुकडा जोडावा आणि त्यावर चिमटा लावावा. पडदा पूर्वीइतकाच ओढला तरी फुगे आता सावकाश फुगतात व सावकाश आकसतात. पडदा भराभर हलवला तर ते जेमतेम हलतात. मग विद्यार्थ्यांना विचारावे, ‘फुगे तेच, पडदा तोच, मग बदलले काय?’ एवढ्याने ‘कमजोर फुप्फुसे’ हे उत्तर मागे पडते. उच्छ्वासात नळी अधिक दबते हे मात्र या दुरुस्तीनेही दिसत नाही, ते शिक्षकाने तोंडी सांगायला हवे. काही जण पेयाच्या नळीतून श्वास घ्यायला लावून दम्याचा अनुभव देतात. दमा असलेल्या विद्यार्थ्याला तो प्रयोग कधीही करायला लावू नये.

पंप, वाफ आणि बाळदमा

शब्दांकडे वळू. ‘दमा’ हा शब्द फारसीतल्या ‘दम’ म्हणजे श्वास या शब्दावरून आला. आयुर्वेदात याच्या जवळचा विकार ‘तमक श्वास’ म्हणून येतो. चरकसंहितेत त्याचे जे वर्णन आहे ते वाचून आजच्या डॉक्टरनेही मान डोलवावी: आडवे पडले की त्रास वाढतो, उठून बसले की बरे वाटते, आभाळ भरून आले, पाऊस पडला, गारठा पडला की व्याधी बळावते. निरीक्षण इतके अचूक असूनही आतला दाह डोळ्यांना दिसणे त्या काळी शक्य नव्हते. आज ते शक्य आहे, तरी आपली बोलीभाषा झटक्यापाशीच थांबली आहे.

‘पंप’ हा शब्द घ्या. इनहेलरला सगळेच पंप म्हणतात. पंप म्हटले की सायकलीचा पंप आठवतो आणि छातीत हवा भरली जाते असे वाटते. त्याला हवा भरायची नसते, तो औषधाचा अतिसूक्ष्म फवारा सोडतो. साल्ब्युटामॉलच्या एका फवाऱ्यात साधारण १०० मायक्रोग्रॅम औषध असते. याच औषधाची मोठ्यांची एक गोळी ४ मिलिग्रॅमची, म्हणजे ४० फवाऱ्यांइतकी! गोळी पोटातून रक्तात आणि रक्तातून सर्व शरीरात जाते, म्हणून हात थरथरतात, छाती धडधडते. फवारा जिथे हवा तिथेच पोचतो. तरीही ‘गोळी साधी, पंप जालीम’ असे घरोघरी म्हटले जाते. हे गणित एकदा फळ्यावर मांडले तर या समजुतीचा पाया निखळतो.

फवाऱ्याची कल्पना आली ती एका मुलीच्या प्रश्नातून. अमेरिकेतल्या राइकर या औषध कंपनीचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या १३ वर्षांच्या मुलीला दमा होता. अत्तराचा फवारा येतो तसे माझे औषध का येत नाही, असे तिने १९५५ साली विचारले, आणि १९५६ साली मोजून फवारा सोडणारा पहिला इनहेलर बाजारात आला. पण त्यात होते ते नळ्या तात्पुरत्या सैल करणारे औषध. दाह शमवणारे स्टेरॉइड फवाऱ्यातून मिळू लागले ते १९७२ साली. मधल्या काळात, १९६० च्या दशकात, ब्रिटनसह काही देशांत दम्याच्या मृत्यूंत अचानक वाढ झाली. तीव्र मात्रेच्या आयसोप्रेनालिन फवाऱ्यांचा अतिवापर हे त्याचे एक प्रमुख कारण मानले जाते. आराम मिळत होता, दाह मात्र तसाच राहत होता.

म्हणून ‘पंप’ हा एकच शब्द धोकादायक ठरतो. इनहेलर दोन जातींचे असतात. एक झटक्यात आराम देणारा, दुसरा रोज घेऊन दाह काबूत ठेवणारा. पहिल्याचा परिणाम काही मिनिटांत जाणवतो, दुसऱ्याचा दिवसांनी, आठवड्यांनी. पहिल्याने आराम पडतो म्हणून तो प्रिय होतो. दुसऱ्याने ‘काहीच होत नाही’ म्हणून तो बंद पडतो. खरे तर ‘काहीच न होणे’ हेच त्याचे काम आहे. जागतिक पातळीवर दम्याच्या उपचारांची दिशा सुचवणाऱ्या ‘जिना’ या मंडळाने २०१९ साली स्पष्टच म्हटले की, १२ वर्षांवरील रुग्णांना दाहशामक औषधाशिवाय नुसता आराम देणारा फवारा देऊ नये. ही सूचना यायला २०१९ साल उजाडावे लागले, यावरून झटक्यापुरते पाहण्याची सवय डॉक्टरी पेशातही किती खोल होती ते कळते.

‘वाफ’ हा शब्दही असाच घोटाळा करतो. नेब्युलायझरला लोक वाफ म्हणतात आणि पातेल्यातल्या गरम पाण्याच्या वाफेलाही वाफच. पहिल्यात औषधाचे तुषार असतात, दुसरीत पाणी. दम्याच्या झटक्यात मुलाला पातेल्यावर वाकवून बसवणे म्हणजे मोलाचा वेळ घालवणे आणि भाजण्याचा धोका पत्करणे.

आणि ‘बाळदमा’? ‘अॅलर्जीचा खोकला’? हे सौम्य शब्द आईबापांना धीर देण्यासाठी वापरले जातात. पण आजाराला नावच दिले नाही तर त्याचे रोजचे औषध कोण घेणार? मुलीच्या बाबतीत तर ‘स्थळ येणार नाही’ या भीतीने इनहेलर कपाटात लपतो. तिला गरज पडते ती मात्र शाळेच्या मैदानावर.

भुईगावची हवा

हवापालटाची समजूत तपासण्यासाठी आम्ही वसईच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या भुईगावचे उदाहरण मुद्दाम घेतो. अरबी समुद्र, सुरूची झाडे, आतल्या बाजूला विहिरींवर पोसलेली बागायत. मुंबईकराला वाटावे, दम्याला याहून चांगली जागा कोणती? २००९ साली वसई-विरार महानगरपालिका झाली, २०१४ साली पालघर जिल्हा झाला, पूर्वेकडे इमारती आणि कारखाने वाढत गेले. त्या मानाने हा पट्टा हिरवा राहिला. तरी ‘समुद्राची हवा दम्याला चांगली’ हे विधान इथेच तपासून पाहावे.

भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे शिकवतो. दिवसा वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. त्यात धूर आणि धूळ कमी असते, हे खरे. पण रात्री वारा उलटतो आणि जमिनीवरचा धूर, धूळ किनाऱ्याकडे येऊ शकते. दम्याचा त्रासही बहुधा रात्री व पहाटेच वाढतो. तेव्हा ‘भुईगावची हवा’ ही एक वस्तू नाही. दिवसाची वेगळी आणि रात्रीची वेगळी.

त्याहून महत्त्वाची घरातली हवा. समुद्रकाठी दमटपणा बारमाही आणि पावसाळ्यात तर भिंतींना ओल येते, कपाटातल्या कपड्यांना बुरशीचा वास येतो. गादी, उशी, गोधडी यांत धुळीतले माइट नावाचे सूक्ष्म जीव राहतात. ते आपल्या त्वचेच्या गळलेल्या कणांवर जगतात आणि लागणारे पाणी हवेतल्या बाष्पातून शोषून घेतात. कोरड्या हवेत ते तगत नाहीत, दमट हवेत फोफावतात. त्यांची विष्ठा हे दम्याच्या अॅलर्जीचे एक मोठे कारण. म्हणजे ज्या समुद्राने दिवसा स्वच्छ वारा दिला, त्यानेच गादीत माइट पोसले!

याखेरीज बागायतीच्या गावात पाचोळा पेटवला जातो, कुठे चुलीवर पाणी तापते आणि डासांसाठी कॉइल लागते. एका कॉइलच्या जळण्यातून निघणारे अतिसूक्ष्म कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असतात, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. बंद खोलीत, मुलाच्या उशाशी, रात्रभर जळणारी ती कॉइल कोणत्याही समुद्राच्या वाऱ्याला हरवेल. कॉइलऐवजी मच्छरदाणी, गादी-उशांना उन्हे, पांघरुणे कडक गरम पाण्यात धुणे, ओल आलेल्या भिंतीपासून पलंग दूर आणि पाचोळा जाळण्याऐवजी खतात: हा हवापालट भुईगाव न सोडता करता येतो. सर्वांचा दमा एकाच कारणाने चाळवत नाही, हेही ध्यानात ठेवावे. कुणाला धूर, कुणाला बुरशी, कुणाला नुसती सर्दी. म्हणून विद्यार्थ्याने महिनाभर त्रासाची नोंदवही ठेवणे, कुणाच्या तरी सांगण्यावरून दही-केळी बंद करण्यापेक्षा अधिक शास्त्रीय आहे.

मृगाचा मासा

दरवर्षी जूनमध्ये मृग लागला की हैदराबादेत बत्तिनी कुटुंबाकडून दम्यासाठी जिवंत माशाच्या तोंडात पिवळसर औषध घालून तो मासा रुग्णाला गिळायला देतात. ते विनामूल्य असते आणि देशभरातून हजारो लोक त्यासाठी रांगा लावतात. आपल्याकडेही कोजागरीच्या रात्री खिरीतून दम्याचे औषध देण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे. देणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हाला शंका घ्यायची नाही, आणि रांगेत उभ्या राहणाऱ्या आईची चेष्टा तर मुळीच करायची नाही. रात्र रात्र मूल मांडीवर घेऊन बसलेली आई कुठल्याही रांगेत उभी राहील.

प्रश्न पुराव्याचा आहे. दमा हा मुळातच चढउताराचा आजार आहे. माणूस उपाय शोधायला निघतो तो त्रास शिगेला पोचल्यावर; त्यानंतर काही न करताही बहुधा उतारच यायचा असतो. लहानपणचा दमा अनेकांचा वयात येताना कमीही होतो. अशा आजारात ‘औषध घेतले आणि बरे वाटले’ हा पुरावा होऊ शकत नाही. तुलनेसाठी औषध न घेतलेला तसाच गट हवा, आणि कोण कोणत्या गटात आहे हे तपासणाऱ्याला ठाऊक नसावे. घटकच गुप्त ठेवलेल्या औषधाची अशी तपासणी करणार कशी? औषधांच्या नियमांतील ‘जे’ परिशिष्टात ज्या आजारांवर खात्रीशीर इलाजाचा दावा करायला मनाई आहे, त्यांत दम्याचे नाव आहे, ते काही उगाच नाही.

पण या उपचाराचा सर्वांत मोठा दोष त्याच्या कल्पनेतच आहे. वर्षातून एका दिवशी, एका घोटात, काम फत्ते! रोजच्या दाहाला वर्षातून एकदाचे उत्तर. माशामुळे मूल दगावते असे नाही. मासा घेतला म्हणून रोजचा फवारा बंद केला तर दगावू शकते. प्राणायामाबद्दलही हेच. त्याने श्वासावर ताबा येतो, घाबरेपणा कमी होतो, अनेकांना बरे वाटते. तो औषधाच्या जोडीने करावा. औषधाच्या जागी करू नये.

हे सारे कशासाठी?

एवढी चिकित्सा कशाला, असे कुणी विचारील. २०१९ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात दम्याचे सुमारे साडेतीन कोटी रुग्ण आहेत, जगातल्या रुग्णांच्या साधारण १३ टक्के. पण दम्याने होणाऱ्या जगातल्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू भारतात होतात. रुग्णांत १३ आणि मृत्यूंत ४०! आपला दमा जातीने वेगळा नाही. वेगळे आहे ते निदान लपवणे, दाहशामक औषध न मिळणे किंवा मध्येच सोडणे आणि झटका आल्यावर उशीर करणे. यांतल्या बऱ्याच गोष्टींच्या मुळाशी वर तपासलेली अपुरी स्पष्टीकरणे आहेत. म्हणूनच त्यांची दुरुस्ती हे शिक्षकाचे काम ठरते.

झटका आला तर शिक्षकाने काय करावे हेही स्पष्ट सांगायला हवे. मुलाला आडवे करू नये. ताठ, किंचित पुढे झुकवून बसवावे. भोवतीची गर्दी हटवावी. डॉक्टरांनी लिहून दिलेला आराम देणारा फवारा स्पेसरमधून एकेक करून द्यावा, दर फवाऱ्यानंतर काही श्वास घेऊ द्यावेत. चार फवारे झाल्यावर चार मिनिटे थांबावे आणि उतार नसेल तर पुन्हा चार द्यावेत. फवाऱ्याच्या डबीच्या रंगावर विसंबू नये, नाव वाचावे. मुलाला एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, ते गुंगत असेल, तर वाट न पाहता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि ती येईपर्यंत फवारा चालू ठेवावा. छातीतली शिट्टी थांबली पण मूल अधिकच दमलेले दिसते, ही सर्वांत वाईट खूण. शिट्टी वाजण्यापुरतीही हवा जात नाही असा तिचा अर्थ असू शकतो.

शाळेत स्पेसर नाही, अशी अडचण सांगितली जाईल. १९९९ साली दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊनच्या डॉक्टरांनी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एक प्रयोग प्रसिद्ध केला. ५०० मिलिलिटरच्या साध्या प्लॅस्टिकच्या बाटलीच्या बुडाला इनहेलरच्या तोंडाच्या मापाचे भोक पाडून फट नीट बंद केली, तर ती बाटली दम्याच्या झटक्यात विकतच्या स्पेसरइतकीच उपयोगी ठरली. विज्ञान मंडळाच्या तासाला करण्याजोगी याहून उपयुक्त वस्तू आम्हाला सुचत नाही. फक्त ती आधी तयार करून, धुऊन, मुलाच्या डॉक्टरांना दाखवून ठेवावी; झटका आल्यावर कात्री शोधू नये.

दमा असलेल्या मुलाला कवायतीच्या तासाला बाकावर बसवून ठेवणे हीदेखील एक चुकीची दया आहे. दमा काबूत असेल तर ते मूल धावू शकते, पोहू शकते. ते सारखे बसून राहत असेल तर त्याचा दमा काबूत नाही असे समजावे आणि पालकांना बोलवावे. आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा आराम देणारा फवारा लागतो का? रात्री खोकल्याने जाग येते का? दम्यामुळे खेळ किंवा शाळा बुडते का? हे तीन प्रश्न वर्गशिक्षकाने जूनमध्ये विचारून हजेरीपत्रकाच्या मागे नोंदवून ठेवले आणि उत्तर ‘हो’ आल्यास मुलाला डॉक्टरांकडे पाठवले, तर हंडीतल्या दोन फुग्यांना जे दाखवता आले नाही ते त्या नोंदीत दिसेल.